आडात नाही ते पोहऱ्यात कोठून?



गावोगाव हिंडणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. शेतकीची पदवी घेऊन विस्तार अधिकाऱ्याच्या नोकरीला चिकटलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. ग्रामसभा असो, शिवारफेरी असो की दूध डेअरीपुढची सकाळची गर्दी असो, चार माणसे जमली की गप्पा होणारच. पूर्वी या गप्पांचे विषय ठरलेले असत : पाऊस, बाजारभाव आणि निवडणूक. चौथा लागलाच तर कोणाच्या तरी पोरीचे लग्न. अलीकडे मात्र एक पाचवा विषय पारावर येऊन बसला आहे आणि तो काही उठायचे नाव घेत नाही. तो म्हणजे कंप्युटर. शाळेच्या पुस्तकात त्याला संगणक म्हणतात. पारावर तो कंप्युटरच. आणि आता तर तो आकसून प्रत्येकाच्या खिशात, मोबाइलमध्ये, जाऊन बसला आहे.

या विषयावर गावात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, "कंप्युटर कधी चुकत नाही." या पक्षात बारावी झालेली पोरे असतात आणि गंमत म्हणजे काचेच्या खिडकीपलीकडे बसलेले बाबूलोकही असतात. ते साहजिकच आहे. कंप्युटर चुकत नाही असे एकदा ठरले की चूक आपोआप खिडकीअलीकडच्या माणसाची ठरते! दुसरा पक्ष वडीलधाऱ्यांचा. तो म्हणतो, "या डबड्यानं वाटोळं केलं. आधी भाऊसाहेबाला च्या पाजला की काम व्हायचं. ह्याला च्या कुटून पाजावा?"

तिसराही एक पक्ष आहे, पण त्याला कोणी मोजत नाही. तो आपल्या म्हाताऱ्या आया-मावश्यांचा. त्या कंप्युटरला बरेही म्हणत नाहीत, वाईटही म्हणत नाहीत. त्या फक्त एवढेच विचारतात, "बाबा, त्यात माजं नाव हाय का? काय लिवलंय?" माझे मत विचाराल तर तिन्ही पक्षांत शहाणा प्रश्न हाच.

कारण असे की, या यंत्राच्या पोटात स्वतःचे असे काही नसते. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. आडात पाणी कोणी सोडले, कसले सोडले, हे पाहायचे सोडून आपण पोहऱ्याची पूजा तरी करतो नाही तर त्याला लाथ तरी मारतो.

आता माझ्या धंद्याला शोभेल अशी एक गोष्ट सांगतो. कंप्युटरमध्ये काही बिघाड झाला की शिकलेली पोरे म्हणतात, 'बग आहे'. बग म्हणजे किडा. आम्हा शेतकी खात्यातल्या लोकांना किडा म्हटले की कान टवकारायची सवय. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाचे अगडबंब गणितयंत्र होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते अडले. कारागिरांनी आत पाहिले तर एका विजेच्या पट्टीत खरोखरच एक पाकोळी अडकून मेलेली! त्यांनी ती चिमट्याने काढली आणि नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवली. ती वही तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात अजून जपून ठेवलेली आहे. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, पण कीड प्रत्यक्ष सापडली ती त्या दिवशी. आपल्या घाटेअळीचा पतंग कामगंध सापळ्यात सापडावा तशी. फवारणी करायची सोय नव्हती एवढेच.

मात्र खरी पाकोळी अडकण्याचे ते दिवस गेले. आता जी कीड पडते ती बहुतेक माणसाच्या हातची असते, आणि ती यंत्रात शिरते माहिती भरताना.

एका गावातला एक चांगला कष्टाळू शेतकरी माती परीक्षणाचा अहवाल घेऊन माझ्याकडे आला. छापील कागद, वर बोधचिन्ह, खाली आकडे. सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या वर, शेरा 'अत्यंत भरपूर'. आपल्या भागातल्या जमिनींत अर्धा टक्का कर्ब निघाला तरी आम्ही खूश होतो. याची जमीन तर मुरमाड आणि कपाशी पिवळी पडलेली. पण कंप्युटरचा कागद म्हणतो, नत्र कमी द्या. गडी दोन दिवस झोपला नव्हता. कागद खरा मानावा तर पीक हातचे जाते, आणि पीक खरे मानावे तर कंप्युटर खोटा ठरतो. मी विचारले, "दादा, माती कुठची घेतली होती?" तर म्हणाला, "उकिरड्याच्या कडंची. तितं भुसभुशीत हाय, खणायला बरं पडलं."

आता सांगा, यात कंप्युटरचे काय चुकले? प्रयोगशाळेचेही काही चुकले नाही. उकिरड्याच्या मातीचा तो अगदी अचूक अहवाल होता! नमुना कसा घ्यायचा हे तुम्ही पुष्कळदा वाचले असेल, तरी पुन्हा सांगतो. पीक निघाल्यावर, खत घालण्याआधी घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडाव्यात. बांध, झाडाखालची जागा, गुरे बसतात ती जागा, उकिरडा आणि पाणथळ टाळावे. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर, म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी. सगळी एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि असे करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरावी. हे केले तर तो छापील कागद सोन्याचा. नाही केले तर बोधचिन्हासकट रद्दी.

हीच गोष्ट मापांची. आपल्याकडे एकर-गुंठे तोंडात बसलेले आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरांचा हेक्टर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, म्हणून काम भागते. पण हेक्टर आणि एकर यांत अडीच पटींचा फरक आहे, तिथे गफलत झाली की बांधावर काठ्या निघतात. तुम्ही म्हणाल, हे अडाण्यांचे घोटाळे. तसे समजू नका. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे एक यान मंगळापाशी पोहोचले आणि नष्ट झाले. चौकशीत काय निघाले? यानाच्या धक्क्यांचा हिशेब एका गटाने पौंडांच्या जुन्या इंग्रजी मापात दिला आणि दुसऱ्या गटाने तो मेट्रिक समजून वापरला. यान ठरल्यापेक्षा फार खाली उतरले. सव्वाशे दशलक्ष डॉलर, म्हणजे साडेबारा कोटी डॉलरचे यान! दोन्हीकडे मोठमोठे कंप्युटर होते. त्यांनी बेरजा-वजाबाक्या बिनचूक केल्या. एकर आहे की हेक्टर, एवढे मात्र कोणी विचारले नाही.

आमच्या एका शेतकऱ्याचे यान असेच सातबाऱ्यावर कोसळले होते. हस्तलिखित सातबारा कंप्युटरात चढवताना कोणाच्या तरी बोटाने टिंबापुढे एक शून्य जास्त दाबले. ०.८० हेक्टरचे झाले ०.०८. दोन एकरांचा धनी आठ गुंठ्यांवर आला. जमीन जागच्या जागी होती, बांध जागच्या जागी होते, बैल तेच, विहीर तीच. कागदावर मात्र माणूस भूमिहीन व्हायचा तेवढा बाकी राहिला. २०१७ साली राज्यात सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले, ते अशाच चुका काढण्यासाठी. पण त्या दिवशी हा गडी लेकीच्या सासरी गेलेला. पुढे सोसायटीत पीककर्जाला गेला तेव्हा उलगडा झाला, आणि तिथल्या माणसाने त्यालाच सुनावले, "काका, कंप्युटरात आठच गुंठे आहेत, तुम्ही दोन एकर कुठून आणले?" मला वाटते, आयुष्यभर नांगरलेल्या जमिनीबद्दल असा प्रश्न ऐकणे ही शिवी खाण्यापेक्षा वाईट गोष्ट आहे.

त्याला तारले ते त्याच्या आईने. म्हातारीने जुना हाताने लिहिलेला सातबारा, आठ-अचा उतारा आणि वाटणीच्या फेरफाराची नक्कल पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली जपून ठेवली होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याचे कलम १५५ लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठीच आहे. तहसीलदारांकडे साधा अर्ज करायचा, जुने कागद जोडायचे. त्याने केला. चार खेपा झाल्या, पण शून्य निघाले. आता २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या पंधरा रुपयांत मिळतो. ही सोय खरोखर चांगली आहे, पूर्वी त्यापायी दिवस मोडत असे. पण कितीजण तो उतारा काढल्यावर वाचतात? पोराच्या हाती पैसे देतात, पोरगा कागद आणतो, कागद थैलीत जातो. नाव, काना-मात्रा, गट नंबर, क्षेत्र, बोजा, इतर हक्क, एवढे तरी घरातल्या शिकलेल्या सुनेकडून मोठ्याने वाचून घ्या. सुनेला वाचायला बसवले म्हणून कोणाचा मान कमी होत नाही. अनेक घरांत आता ई-केवायसीपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत सगळा कारभार तिच्याच हाती आहे, हे मी पाहतो आहे. सासऱ्यांना पासवर्ड ठाऊक नसतो, सासूला तर तो शब्दच ठाऊक नसतो.

पीक पाहणीचेही असेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून सगळ्या राज्यात ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी भाऊसाहेब पीक लिहीत. खरे सांगायचे तर पुष्कळदा ते चावडीत बसूनच लिहीत, आणि ऊस तोडून दोन वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर ऊस डोलत असे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचे. आपले पीक आपण सांगायचे, हे मला मनापासून पटते. पण त्यात मजा काय होते पाहा. काही मंडळी फोटोत स्वतःच इतकी मोठी उभी राहतात की मागे सोयाबीन आहे की गवत, ते ब्रह्मदेवालाही कळू नये. एकाने तर बायकोला लुगडे बदलून यायला लावले आणि फोटोग्राफर आल्यासारखा तिचा फोटो काढला. पीक कुठाय विचारले तर म्हणतो, "मागं हाय की!" शेतात रेंज नसते हे तर विचारूच नका. कोणी बाभळीवर चढतो, कोणी टाकीवर.

हसण्यावारी नेण्यासारखे मात्र हे नाही. सोयाबीनमध्ये तूर असेल आणि नुसते सोयाबीन नोंदवले, तर तूर कागदावर उगवतच नाही. मग हमीभावाच्या खरेदीला नाव नोंदवायला जाल तेव्हा सातबाऱ्यावर तूर दाखवा म्हणतील. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी पात्रे सोडली, उभी पिके आणि काही ठिकाणी मातीसुद्धा वाहून गेली. अशा वेळी शेतात दाखवायला काहीच उरत नाही. उरते ती नोंद. म्हणून मिश्र पीक असेल तर मिश्र लिहा, क्षेत्र नीट वाटून लिहा, आणि आपल्याच्याने जमत नसेल तर गावच्या सहायकाकडून आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या.

आता अंगठ्याचे दुःख. ज्यांच्या अंगठ्याखेरीज दुसरी सही नाही, त्यांचाच अंगठा यंत्राला दिसत नाही, ही मला सगळ्यांत मोठी विपरीत गोष्ट वाटते. एका गावात एक विधवा मावशी आहेत. कापूस वेचणी, मिरची तोडणी, शेणगोठा, राखेने भांडी, यांत बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात. पडताळणी अडली आणि हप्ता थांबला. केंद्रावरचा पोरगा बोट पुसायचा, दाबायचा, पुन्हा पुसायचा. यंत्र लाल दिवा दाखवायचे. शेवटी मावशी त्यालाच म्हणाल्या, "लेकरा, बोटं झिजली म्हून मी मी नव्हं का?"

याला उत्तर माझ्याकडेही नव्हते. पण वाट होती. २०२३ च्या जूनपासून पीएम किसानच्या पडताळणीला चेहरा चालतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे बसायचे, बोट लागत नाही. ही गोष्ट त्या केंद्रावर कोणी सांगितली नव्हती. मावशींच्या पुतणीने ते दहा मिनिटांत करून दिले. चेहरा घेताना पापणी मिटा-उघडा म्हणून सांगतात, तेव्हा मावशी लाजल्या आणि डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. यंत्राला पुन्हा काही दिसेना! पदर जरा मागे घेतला, काम झाले. तुमच्या घरी कोणाचे असे अडले असेल तर बोट दाबून दाबून हात सोलून घेऊ नका. चेहऱ्याने होते का ते विचारा, आणि आधार केंद्रावर ठसे नव्याने घेता येतात तेही करून घ्या.

'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द तर आता लहान पोरांनाही पाठ झाले आहेत. परवा एका शेतकऱ्याचा मुलगा गृहपाठ का केला नाहीस म्हटल्यावर म्हणाला, "गुरुजी, सर्व्हर डाऊन होता." आपल्याला वाटते हे फक्त आपल्याच तालुक्याच्या नशिबी आहे. तसे नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष दुरुस्तीमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कंप्युटर एकदम बसले. विमाने थांबली, दवाखाने खोळंबले. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी शिकल्यासवरलेल्या प्रवाशांना विमानात चढायच्या चिठ्ठ्या हाताने लिहून दिल्या, अगदी आपल्या बाजार समितीतल्या काटा-पावतीसारख्या. ती बातमी वाचून मला, खोटे कशाला बोलू, थोडे बरे वाटले. पेटीतल्या कागदांवर हसणाऱ्या पोरांना मी ती आवर्जून सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कंप्युटरच्या विरोधातलाच दिसतो. मुळीच नाही. हवामानाचेच घ्या. पूर्वी अंदाज म्हणजे 'तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस', म्हणजे पडला तरी खरे आणि न पडला तरी खरे. अंदाज बांधायचा तर वारा, ऊब, दमटपणा यांची कोट्यवधी गणिते वेळेत सोडवावी लागतात. पाऊस पडून गेल्यावर उत्तर आले तर काय उपयोग? त्यासाठी महासंगणक लागतात. एकेकाळी अमेरिका आपल्याला ते द्यायला खळखळ करत होती. तेव्हा पुण्यातल्या सी-डॅक संस्थेत १९९१ साली 'परम' हा आपला महासंगणक उभा राहिला. त्या कामाचे पुढारी डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेले. वऱ्हाडच्या काळ्या मातीतला माणूस! आज पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्क' नावाचा महासंगणक आहे, आणि २६ मे २०२५ पासून 'भारत अंदाज प्रणाली' सुरू झाली. ती देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते. पूर्वी चौकोन बारा किलोमीटरचा होता.

सहा किलोमीटरचा चौकोन म्हणजे किती? छत्तीस चौरस किलोमीटर, तीन हजार सहाशे हेक्टर, साधारण नऊ हजार एकर. तेवढ्यात तीन-चार गावे सहज बसतात. पाऊस तर एकाच शेताच्या अर्ध्यात पडून बांधावर थांबल्याचे तुम्ही-आम्ही पाहिले आहे. तेव्हा अंदाज चुकला की मोबाइल आपटू नका. तो तुमच्या शेताला नव्हे, नऊ हजार एकरांना धरून बोलतो आहे.

आणि याही आडात पाणी कोणीतरी सोडावे लागतेच. महसूल मंडळात जे स्वयंचलित हवामान केंद्र असते, त्याच्या भोवती कोणी कडबा रचतो, कोणी वेल चढवतो, कोणी शेळी बांधतो. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला तर अतिवृष्टी धरली जाते आणि पुढची मदत त्यावर ठरते. झाडाची फांदी त्या मापावर आली आणि पाच मिलिमीटर पाऊस पानांनीच पिऊन टाकला, तर मंडळातल्या सगळ्या गावांचे नुकसान. फांदी छाटायला कोयता पुरतो, ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही. फक्त केंद्राच्या यंत्राला हात लावू नका.

फसवणुकीच्या बातम्या तुम्ही वाचताच, म्हणून थोडक्यात. अनुदानाची यादी किंवा पीएम किसानचे नाव सांगून मोबाइलवर एखादी फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती उघडू नका, ती तुमच्या फोनमध्ये चोर शिरायची खिडकी आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी कपडे घालून 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' म्हणणारा माणूस पोलीस नव्हे. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत केला तर पैसे मधेच अडवता येण्याची आशा जास्त असते.

आता शेवटची आणि सगळ्यांत ताजी बातमी, कृत्रिम बुद्धिमत्तेची. पोरे तिला एआय म्हणतात. मोबाइलला मराठीत प्रश्न विचारा, तो मराठीत धडाधड उत्तर देतो. मी स्वतः वापरून पाहतो. अर्ज लिहायला, इंग्रजी पत्राचा अर्थ लावायला फार सोयीची आहे. पण तिचे गुपित समजून घ्या. कोट्यवधी पाने वाचून कोणत्या शब्दामागून बहुधा कोणता शब्द येतो, हे ती शिकलेली असते. पान खरे की थट्टेचे, हे तिला नेहमी कळतेच असे नाही. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत गूगलच्या अशा यंत्राने लोकांना सल्ला दिला की रोज एक लहान दगड खावा! हे त्याने कुठून काढले? तिकडच्या एका विनोदी पत्रातून. त्या पत्राचे नाव 'द अनियन', म्हणजे 'कांदा'. आमचे कांदेवाले म्हणतील, कांद्याने आम्हाला रडवले ते कमी होते! त्याआधी २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी एआयला विचारून कोर्टात जुन्या खटल्यांचे दाखले दिले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला.

दगडाचा सल्ला कोणी मानणार नाही, कारण दगड आपल्याला ठाऊक आहे. भीती आहे ती औषधाच्या मात्रेची. तिथे यंत्राने एक शून्य इकडचे तिकडे केले तर ते आपल्या डोळ्याला खुपत नाही. गेल्या हंगामात एका शेतावर तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणीची तयारी चालली होती. धाकट्या मुलाने मोबाइलला विचारले, मोबाइलने पंपाला किती मिली घ्यायचे ते ठासून सांगितले. घरचे आजोबा बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "त्येला इचार, तुजं शेत कुटं हाय?" नातवाने खरेच विचारले. मोबाइलने सभ्यपणे उत्तर दिले की, माझ्याकडे शेत नाही, परंतु मी आपणास मदत करू शकतो.

"मग ते ऱ्हाऊ दे," आजोबा म्हणाले, "बाटली आण. काय लिवलंय ते सायेब वाचतील."

बाटली आली. लेबलावर पिकाचे नाव, किडीचे नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, विषाच्या त्रिकोणाचा रंग, सगळे होते. सांगितलेली मात्रा आणि छापलेली मात्रा जुळत नव्हती. आम्ही छापलेली घेतली. अक्षर इतके बारीक होते की चष्मा लावूनही मला ते उन्हात धरून वाचावे लागले.